फ्रेमवालीची रेघ

तिला सगळे फ्रेमवाली म्हणत. दुकान सासऱ्यांचं, हत्यारं सासऱ्यांची, पाटीवर नाव नवऱ्याचं, पण चित्र घेऊन येणारा माणूस दारातूनच विचारायचा, “फ्रेमवाली आहे का?” नवरा पॉलिश करायचा. पॉलिश उत्तम करायचा, फक्त दोन गोष्टी त्याला जन्मात जमल्या नाहीत. एक काटकोन, आणि दुसरं गप्प बसणं.

लग्न होऊन आली तेव्हा तिला या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी तीन वर्षं नुसत्या काचा पुसायला लावल्या. मग खिळे, मग लाकडाच्या पट्ट्या, आणि सगळ्यात शेवटी माउंट. माउंट म्हणजे चित्राभोवती जाड बोर्डाची जी खिडकी असते ती. ती तिरक्या पात्याने कापतात. चार काप, चार कोपरे, आणि कोपऱ्यावर पातं जिथल्या तिथे थांबलं पाहिजे. फ्रेमवाली डावखुरी, आणि सासऱ्यांचं कापायचं यंत्र उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं. तीन कोपरे ती चोख साधायची. चौथा काप संपवताना मात्र हात उलटा पडायचा आणि पातं तांदळाच्या दाण्याएवढं पुढे जायचं. डावा वरचा कोपरा. दर वेळी तोच. सासरे भिंग लावून बघायचे आणि म्हणायचे, “झाली का सही करून?”

चोवीस वर्षांपूर्वी सासऱ्यांचा उजवा हात अर्धांगाने गेला, आणि त्याच महिन्यात एक चित्रकार एकतीस चित्रं घेऊन दुकानात आला. कागदावर काळ्या शाईची चित्रं. माणूस अबोल, अंगात उसवलेला स्वेटर, तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्याचं म्हणणं एकच होतं. माउंट सुती बोर्डाचं हवं. साध्या बोर्डात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं आम्ल वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि कागद भाजतो. हे फ्रेमवालीला ठाऊक होतं. सुती बोर्ड मागवला होता, तो आला नाही. सोमवारी प्रदर्शन, शुक्रवार उजाडला, आणि आतल्या खोलीत सासरे डोळे मिटून पडलेले. तिने साधा बोर्ड घेतला आणि दोन दिवसांत एकतीस खिडक्या कापल्या. चित्रकार न्यायला आला तेव्हा त्याने एका माउंटच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “सुतीच आहे ना?”

“तेच आहे,” ती म्हणाली.

धंद्यात माणूस काही हरिश्चंद्र नसतो. बोलली, विसरली. पुढे स्वतःपुरतं डावखुरं यंत्र करून घेतलं, कोपरे नीट यायला लागले, शहरातल्या कलादालनाचं सगळं काम तिच्याकडे आलं आणि वीस वर्षं टिकलं.

चित्रकार मेला आणि मोठा झाला. तसंच होतं. चार वर्षांनी कलादालनाने त्याच्या त्या एकतीस चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. चित्रं फ्रेममध्ये नव्हती. लहान घरात राहायला जाताना त्यानेच ती फ्रेममधून काढून सपाट खणांत रचून ठेवली होती. मालकी आता त्याच्या ताईची. फ्रेमवालीला बोलावणं आलं. ती मोजपट्टी घेऊन मागच्या मोठ्या खोलीत गेली, पहिल्या चित्रावरचा पातळ कागद उचलला.

शाईच्या चित्राभोवती चारही बाजूंनी एक तपकिरी रेघ होती. बारीक, सरळ, जळकी. आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात ती रेघ कोपरा ओलांडून तांदळाच्या दाण्याएवढी पुढे गेली होती.

“ही रेघ झाकायची नाही,” मागून आवाज आला. “माउंट नकोच. कागद मोकळा दिसला पाहिजे. ही रेघ म्हणजेच चित्र आहे.”

बोलणारे डॉक्टर होते. डॉक्टर म्हणजे त्यांनी कधी कुणाची नाडी धरली नव्हती. मानसशास्त्र शिकलेले, पुढे कलासमीक्षक झालेले. चित्र बघून चित्रकाराच्या मनात काय सलत होतं ते सांगण्यात त्यांचा हातखंडा. या चित्रकारावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. पुस्तकाचं नाव ‘कडी’. प्रदर्शनाचं नावही तेच.

“कसली कडी?” फ्रेमवालीने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

डॉक्टरांना सांगायला आवडायचं. चित्रकार सहा वर्षांचा असताना आई गेली. ताई वीस वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळीवर जायची. घरात दुसरं कुणी नाही. पोराला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायची आणि आठ तासांनी येऊन काढायची. दोन वर्षं असं चाललं. “आता हा चौकोन बघा,” डॉक्टर म्हणाले. “बंद खोली. आणि हा कोपरा बघा. रेघ पुढे येते. कडीची जीभ. एकतीसच्या एकतीस चित्रांत, त्याच कोपऱ्यात, त्याच लांबीची! हाताची चूक असती तर एवढी नेमकी आली असती? माणूस विसरतो, बाई. मन विसरत नाही.”

हाताची चूक एकतीस वेळा नेमकी कशी येते, हे त्या खोलीत एकाच माणसाला माहीत होतं. तिने मोजपट्टी उलगडली, मिटली, आणि “बरं” म्हणून घरी आली.

नवऱ्याला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. तो स्पिरिटचे हात पुसत ऐकत होता, आणि चक्क हसला. “म्हणजे तुझ्या उलट्या हातावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं? अगं, बाबा असते तर पेढे वाटले असते!”

“हसू नका. मी त्या माणसाशी खोटं बोलले होते.”

“तो गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उघडलीस तर उद्या कोण तुझ्या हातात कागद देईल? एकतीस चित्रं भाजली म्हणून सांगशील?” मग त्याने आवाज खाली आणला. “कुणाचं वाईट झालंय का त्यात? डॉक्टर खूश, दालन खूश. तुला कशाला खाज?”

कुणाचं वाईट झालंय का? तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. तीन दिवस शांत झोपली.

चौथ्या दिवशी एकतिसावं चित्र आणायला ती ताईंच्या घरी गेली. तेवढं एक ताईंनी घरात ठेवलं होतं. तिसरा मजला, दार सताड उघडं. आत गेल्यावर फ्रेमवालीचं लक्ष दारांकडे गेलं, तिला सवयच तशी. एकाही दाराला कडी नव्हती. स्क्रूंची भोकं तेवढी. स्वयंपाकघराला नाही, बाथरूमला नाही, बाहेरच्या दाराला तर एक वीट टेकवून ठेवलेली.

“काढून टाकल्या,” ताई म्हणाल्या. चौऱ्याऐंशीची बाई, ताठ, पांढरे केस कापलेले, एक्स्चेंजमधल्या सवयीने प्रत्येक शब्द सुटा बोलायच्या. “सुताराला बोलावलं. तो म्हणाला, आजी, चोर येतील. म्हटलं, येऊ देत. निदान जाता तरी येईल त्यांना.”

चित्र पुठ्ठ्यावर लावून, भिंतीकडे तोंड करून टेकवलेलं होतं. ताईंनी ते हातात घेतलं नाही, बोटाने दाखवलं.

“तो डॉक्टर चार वेळा आला. फार सभ्य आहे. धडा वाचून दाखवला मला. मी म्हटलं, खरं आहे, लावत होते कडी. शेजारीण एकदा म्हणाली होती, पोर दिवसभर दाराशी बसतं. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तू सांभाळतेस का?” त्या थांबल्या. “तो कधी एका शब्दाने बोलला नाही गं मला. म्हातारपणी दर रविवारी यायचा, इथे बसून पेपर वाचायचा. आणि तिकडे एकतीस वेळा कागदावर सांगत होता. मी प्रत्येक चित्र बघितलं होतं. छान आहे म्हणायचे. डोळे फुटले होते माझे.”

फ्रेमवालीच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ताई, ती रेघ माझी आहे. पाच शब्द. ते बाहेर पडले नाहीत. तिने चित्र कापडात गुंडाळलं आणि विचारलं, “जेवता ना वेळेवर?”

“जाते घशाखाली तेवढं,” ताई म्हणाल्या. “उद्घाटनाला यायला सांगितलंय. लोकांसमोर दोन शब्द बोला म्हणतात. मी माफी मागणार आहे त्याची. आणखी काय बोलायचं असतं मला?”

चित्र काखेत धरून फ्रेमवाली जिना उतरली. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं आहे. खाल्लं होतं तिने, आणि घास दुसरीच्या घशात अडकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कलादालनाच्या संचालिकेसमोर उभी राहिली. संचालिका पूर्वी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. हुशार बाई, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग त्याला त्याच्याच वाक्यात बांधायची. डॉक्टरही तिथेच बसले होते. फ्रेमवालीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोर्ड, यंत्र, डावा हात, ‘तेच आहे’.

डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण लगेच त्यांना काहीतरी सुचलं. “थांबा. रेघ पडलेली त्याने पाहिली असणार. फ्रेम त्यानेच काढल्या ना? मग तुमच्याकडे भांडायला आला का?”

“नाही आला.”

“कडा छाटल्या का त्याने? नाही. ठेवल्या! का ठेवल्या? कारण त्या रेघेत त्याला स्वतःचं काहीतरी दिसलं. रेघ तुम्ही पाडली असेल, बाई, पण निवडली त्याने. ठेवणं हीसुद्धा मनाचीच कृती असते.”

“कंटाळा आला असेल त्याला,” फ्रेमवाली म्हणाली. “माणूस खणात ठेवतो आणि विसरतो. माझ्याकडे सासऱ्यांचे चष्मे आहेत सात.”

“आणि तुम्ही तोच स्वस्त बोर्ड का उचललात?” डॉक्टर पुढे वाकले. “त्या वेळी कुणावर राग होता का? सासऱ्यांवर?”

“सोमवार होता डोक्यावर.”

संचालिकेने हात वर करून दोघांना थांबवलं. “हे बघा, मला डॉक्टरांइतका चित्रकाराच्या मनात रस नाही. मी वेगळं विचारते. चित्र भिंतीवर लागलं की ते कुणाचं? चित्रकाराचं राहत नाही, तुमचंही नाही. ते समोर जे आहे तेवढंच आहे. लोक त्या रेघेपाशी थांबतील, त्यांना कोंडल्यासारखं वाटेल, ते वाटणं खरं आहे. मग रेघ कुणी पाडली, हातानं की पुठ्ठ्यानं, याने त्यात काय फरक पडतो?”

“लोकांना नाही पडत,” फ्रेमवाली म्हणाली. “ताईंना पडतो.”

“ताईंनी कडी लावली होती. हे त्यांनीच सांगितलंय.”

दोघंही शिकलेले होते, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही म्हणणं काही अगदीच टाकाऊ नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की या सगळ्या बोलण्यात ती बिनकड्यांची दारं कुठेच बसत नव्हती.

संचालिकेने पेन टेबलावर ठेवलं. “पुस्तक छापून आलंय. परवा उद्घाटन. मी तुम्हाला गप्प बसा असं म्हणत नाही. पण तुम्ही हे बाहेर बोललात तर आमच्या संग्रहातली चित्रं मी पुन्हा तुमच्याकडे कशी देऊ, तेवढं तुम्हीच मला सांगा.”

घरी नवऱ्याने तिचं तोंड बघितलं आणि त्या दिवशी, संसारात पहिल्यांदाच, काही विचारलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तीस चित्रं भिंतीवर चढली होती. ताईंचं एकतिसावं चित्र अजून मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर उघडं पडलं होतं. फ्रेमवाली त्याचीच फ्रेम करत होती, निदान करतेय असं दाखवत होती. सकाळी निघताना तिने माळ्यावरून सासऱ्यांचं जुनं यंत्र काढून पिशवीत टाकलं होतं. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. पातं मात्र नवं घातलं होतं.

अकराच्या सुमारास बाहेर डॉक्टरांचा आवाज आला. ताईंना आधीच एकदा फिरवून आणावं, उद्या गर्दीत त्रास नको, म्हणून ते त्यांना घेऊन आले होते. संचालिका सोबत होती. डॉक्टर फार हळुवार बोलत होते. प्रत्येक चित्रापाशी थांबायचे, आणि त्यांचं बोट हवेतच त्या कोपऱ्यापर्यंत जायचं. फ्रेमवाली दाराआडून बघत होती. पहिल्या चित्रापाशी ताई ताठ होत्या. पाचव्यापाशी त्यांनी भिंतीला हात लावला. नवव्या चित्रापाशी त्यांनी हात जोडले, आणि डॉक्टरांना नव्हे, चित्राला म्हणाल्या, “काढते हां, काढते. आलेच.”

एक्स्चेंजवरून आल्यावर जिन्यातून असंच म्हणत असतील त्या.

फ्रेमवाली बाहेर आली. “ताई, जरा आत या. एक काम आहे.”

“आत्ता नको,” संचालिका म्हणाली. तिच्या आवाजाला धार होती.

“आत्ताच,” फ्रेमवाली म्हणाली, आणि ताईंच्या दंडाला धरून त्यांना टेबलापाशी घेऊन आली. खुर्चीत बसवलं. मागोमाग दोघं आले. तिने साध्या बोर्डाचा तुकडा पसरला, जुन्या मापाने पेन्सिलीच्या खुणा केल्या, यंत्र लावलं आणि डाव्या हाताने कापायला घेतलं. पहिला काप, दुसरा, तिसरा. तिला भीती वाटत होती ती भलतीच. इतक्या वर्षांच्या सवयीने हात सुधारला असेल, पातं बरोबर थांबेल, आणि आपण खोट्या पडू. चौथा काप संपत आला, मनगट उलटं पडलं, आणि पातं पुढे गेलं. तांदळाच्या दाण्याएवढं.

तिने मधला तुकडा काढून टाकला आणि खिडकी अलगद ताईंच्या चित्रावर ठेवली. चारही बाजूंना रेघ बोर्डाच्या कडेला तंतोतंत भिडली. वरच्या कोपऱ्यातली पुढे गेलेली चीर रेघेच्या त्या जिभेवर येऊन बसली.

“ही रेघ त्याने काढलेली नाही,” ती म्हणाली. “माझी आहे. बोर्ड वाईट होता, त्याने कागद भाजला. आणि कोपऱ्यात ती कडी नाही, ताई. माझं पातं सरकायचं. तुमच्या भावाने विचारलं होतं, बोर्ड चांगला आहे ना. मी हो म्हटलं.”

ताईंनी खिडकी उचलली, पुन्हा ठेवली. पुन्हा उचलली. कोपऱ्यावरून नख फिरवलं.

“त्याला माहीत होतं?”

“मी खोटं सांगितलं त्याला.”

“ते नाही विचारत. रेघ दिसल्यावर तो काय म्हणाला?”

“माझ्याकडे आलाच नाही.”

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, “ताई, तेच तर मी सांगतोय. त्याने ती ठेवली...”

“थांबा हो तुम्ही,” ताई म्हणाल्या. त्यांचा तो सुटा सुटा आवाज परत आला होता. मग त्या फ्रेमवालीकडे वळल्या. “एक महिना. एक महिना मी दारं उघडी टाकून रात्र रात्र बसले आहे. तू माझ्या घरी आलीस. जेवता का म्हणून विचारलंस मला. आणि हे पोटात ठेवून चित्र उचलून गेलीस?”

“हो.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली. भीती जास्त वाटली.”

ताईंनी टेबलावर हात आपटला. कात्री, पेन्सिल, सगळं उडालं. चित्राला मात्र त्यांनी धक्का लागू दिला नाही. मग त्या उठल्या आणि संचालिकेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मी कडी लावत होते. दोन वर्षं. ते पुस्तकात आहे, राहू दे, खरं आहे ते. उद्या चार माणसांसमोर मी स्वतः सांगेन. पण ते चित्रात नाही. जे चित्रात नाही ते चित्रात घालायचं नाही. रेघा झाका.”

“ताई, एकतीस माउंट? उद्या संध्याकाळी उद्घाटन आहे. आणि शिवाय, लोकांच्या दृष्टीने ही रेघ आता...”

“चित्रं कुणाची आहेत?”

संचालिकेने दोन वाक्यं मनात जुळवली असावीत. तोंडातून एकच शब्द आला. “तुमची.”

“झाकल्याशिवाय लागणार नाहीत.”

डॉक्टर खुर्चीवर बसले होते. त्यांनी वही उघडली होती, पण काही लिहीत नव्हते. संचालिका फ्रेमवालीला म्हणाली, “जमेल का उद्यापर्यंत?” आणि मग, तितक्याच शांतपणे, “हे आपलं शेवटचं काम, हे तुमच्या लक्षात आलं असेल.”

“आलं,” फ्रेमवाली म्हणाली. वीस वर्षं एका शब्दात संपली. तिला वाटलं होतं त्याहून लवकर संपली.

तिने नवऱ्याला फोन केला. सुती बोर्ड, दुकानात असेल तितका, आणि डावखुरं यंत्र, लगेच. पलीकडे तो काहीतरी म्हणाला. “हो, सांगितलं,” ती म्हणाली. “नंतर ओरडा. आधी बोर्ड.” तो अर्ध्या तासात घामाघूम होऊन आला, ताईंकडे बघून ओशाळला, आणि बाहेर जाऊन भिंतीवरची चित्रं उतरवायला लागला.

खिडकी आता पूर्वीपेक्षा बोटभर लहान घ्यायची, म्हणजे रेघ आत जाईल. पहिली कापली. ताई खुर्ची ओढून टेबलाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. फ्रेमवालीने माउंट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, चारही कोपरे बघितले, डावा वरचा दोनदा.

“हं.”

दुसरी. तिसरी. बाराव्या वेळी पातं केसभर पुढे गेलं. ताईंनी ते माउंट जमिनीवर टाकलं. फ्रेमवालीने नवा बोर्ड घेतला.

चौदाव्या चित्रावर खिडकी बसली, रेघ नाहीशी झाली, आणि मध्ये नुसती शाई उरली. काळे, करडे, ओले आकार, एकमेकांत मिसळणारे. ताई चित्रावर वाकल्या.

“मग हे काय काढलंय त्याने?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता.

“मला नाही माहीत,” फ्रेमवाली म्हणाली. “मी नेहमी कडाच बघते.”

“मीही छान छानच म्हणत आले.” ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि चित्र थोडं स्वतःकडे फिरवलं. “तू काप. थांबू नकोस.”